मल्लिनाथअण्णांचे लाल ठिपके

ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्या गावात बोटीचं मशीन दुरुस्तीला आलं तर लोक गंमत बघायला जमणारच. होटगी रोडवरच्या आमच्या दुकानांच्या रांगेत त्या सकाळी तसंच झालं. टेम्पोतून दोघांनी ते धूड उतरवलं, खाली लांब दांडा, त्याला तीन पात्यांचा पंखा, वर हेल्मेटसारखं झाकण. समोरचा चहावाला म्हणाला, हे मिक्सर आहे, लग्नाच्या आचाऱ्याचं. त्याच्याकडे लक्ष देण्यात अर्थ नसतो. तो चहाही तसाच करतो.

माझं बॅटऱ्यांचं दुकान आहे. नवीन विकतो, जुन्या चार्जिंगला लावतो. माझ्या भिंतीला भिंत लागून मल्लिनाथअण्णांचं ऑटो इलेक्ट्रिक. ट्रक, ट्रॅक्टर, जीप, कशाचाही सेल्फ किंवा डायनामो बिघडला की अण्णा तो दुरुस्त करून देणार. गळीत हंगामात पार श्रीपूर-अकलूजकडचे उसाचे ट्रॅक्टर त्यांच्या दारात उभे असायचे, आणि तिकडं काय इलेक्ट्रिशियन नव्हते असं नाही. अण्णांचं वय सत्तरीच्या आत-बाहेर, कपाळाला विभूती, अंगात खाकी शर्ट, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. बोलणं कमी. मी एकटाच दोघांचं बोलतो, असं त्यांची बायको नागव्वाकाकू म्हणते.

अण्णांची एक सवय इथंच सांगून ठेवतो. गाडीत शिरण्यापूर्वी ते चप्पल काढायचे. गाडीत देवाचा फोटो, हार, लिंबू, काहीही असलं तर ते आधी दोन्ही हातांनी उतरवायचे, कपाळाला लावायचे, स्वच्छ फडक्यावर बाजूला ठेवायचे आणि मगच पान्याला हात घालायचे. तेलकट हातानं देवाला शिवायचं नाही. काम झालं की ज्याची वस्तू त्यानं परत बांधावी. मी या सोवळ्याची फार चेष्टा करायचो. ते ऐकायचे आणि करायचं तेच करायचे.

मशीन आणणारा विरुपाक्ष. भीमेच्या काठी होनगाव म्हणून एक खेडं आहे, त्याच्या समोरच्या काठावर कर्नाटक. पुलावरून जायचं तर मोठा वळसा पडतो, म्हणून विरुपाक्ष माणसं आणि दुधाच्या किटल्या बोटीतून इकडून तिकडं करतो. मशीन त्यानं कोकणातल्या एका मच्छीमाराकडून जुनं घेतलेलं. दोरी ओढूनही ते चालू करता येतं, पण विरुपाक्षाचा उजवा खांदा एकदा निखळलाय आणि दोरी ओढली की परत निखळायला बघतो. त्यामुळं सगळी मदार चावीवर.

"चावी फिरवली की टक वाजतंय, अण्णा, आन् फुडं काय न्हाय," विरुपाक्ष म्हणाला. "बॅटरी हुती, ती खराब निगाली म्हनून टाकून दिली."

"टाकून कशाला दिली? माझ्याकडं आणायची," मी म्हणालो.

अण्णांनी बोटीचं मशीन जन्मात उघडलं नव्हतं. पण झाकण काढल्यावर आत काय, तर इंजिन फिरवणारा तोच सेल्फ, त्याला करंट सोडणारा तोच रिले, त्याच लाल-काळ्या वायरी. त्यांनी माझ्याकडून बॅटरी घेऊन जोडली आणि आपला टेस्ट लॅम्प ठिकठिकाणी लावून पाहिला. दिवा सगळीकडं पेटला, तरी सेल्फ फिरेना. मग त्यांनी इंजिनाच्या अंगाला बसवलेल्या काळ्या वायरीचा नट सोडला. वायरीच्या टोकाखाली हिरवा गंज साचला होता.

"दिवा पेटाया चमचाभर करंट पुरतो," अण्णा म्हणाले, "सेल्फला घागरभर लागतो. ह्या गंजातून घागर कशी जाणार?"

गंज खरवडला, नट आवळला. तेलाच्या रिकाम्या पिंपात पाणी भरून मशीन त्याच्यावर टांगलं आणि चावी दिली. पहिल्या झटक्याला मशीन चालू झालं, पिंपातलं अर्धं पाणी चहावाल्याच्या स्टोव्हवर गेलं, आणि या दुसऱ्या गोष्टीचा मला जास्त आनंद झाला.

बॅटरी मी विकलेली, म्हणून ती बसवायला मीही होनगावला गेलो. बोटीत बसायच्या जागेच्या बाजूला हँडलची पेटी होती. तिच्यावर चावी आणि एक दांडी. दांडी पुढं ढकलली की बोट पुढं, सरळ उभी केली की न्यूट्रल, मागं ओढली की मागं. विरुपाक्ष मागं कधी ओढायचाच नाही. मागं जायचं तर त्याच्याकडं बांबू होता. मशीन चालू झालं. पलीकडच्या काठाला शिवून आम्ही परत आलो.

विरुपाक्षाची बायको महादेवी काठावर वाट बघत होती. मशीन बंद पडलं तेव्हा तिनं देवीला बोलून ठेवलं होतं. तिनं खणात गुंडाळलेला नारळ आणला, मशीन धडधडत असतानाच त्या हँडलच्या पेटीला काळ्या दोऱ्यानं घट्ट बांधला, हळद-कुंकू लावलं आणि आम्हाला पेढे दिले. आता काही बिघडायचं नाही, असं सगळ्यांना वाटलं. मला तरी वाटलंच, कारण बॅटरी नवी कोरी होती.

दुसऱ्याच दिवशी विरुपाक्षाचा फोन आला. मशीन चालू होईना.

"टक वाजतंय का?" अण्णांनी विचारलं.

"तसंच झालंय, अण्णा. आदीसारखंच."

"आरं, पर टक वाजतंय का न्हाय?"

"वाजत आसंल की. काठावर मानसं बोंबलाय लागल्यात, कुटं ऐकू येतंय."

अण्णांनी फोन ठेवला आणि हातातला पाना उलटसुलट करून बघितला. मग मला म्हणाले, "जोतीराम, तो काळ्या वायरीचा नट मी शेवटी आवळला का रं?"

आता मला काय ठाऊक. मी तेव्हा पिंपातल्या पाण्याची आणि चहावाल्याच्या तोंडाची मजा बघत होतो. पण प्रश्न ज्या आवाजात आला, तो मला आवडला नाही. अण्णांनी आपल्या हाताबद्दल दुसऱ्याला विचारल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

आम्ही गेलो. अण्णांनी चप्पल काढून बोटीत पाय ठेवला, नारळ सोडला, कपाळाला लावला, फडक्यावर ठेवला, दांडी न्यूट्रलला घेतली आणि चावी दिली. मशीन चालू. परत बंद केलं, परत चालू. विरुपाक्ष तोंड उघडं टाकून बघत राहिला. "सकाळी माज्यासमोर मेल्यागत पडलं हुतं," तो म्हणाला. तरीही अण्णांनी सगळं उघडलं. नट घट्टच होता. पण तो आपण काल आवळला म्हणून घट्ट आहे, की आत्ता पाना लावताना घट्ट झाला, हे त्यांचं त्यांनाच सांगता येईना. मशीन चालू ठेवून आम्ही निघालो. महादेवीनं नारळ उचलून जागेवर बांधला.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला काय म्हणावं, मला कळत नाही. एक दिवस मशीन चालायचं, एक दिवस नाही. खण भिजून सैल असला की चालायचं, वाळून ताठ झाला की नाही, हे आता सांगायला सोपं आहे. तेव्हा कुणाच्या डोक्यात येणार? देवाची वस्तू मशीनच्या हिशेबात कोण धरतो? आम्ही फ्यूज बदलला. चावीचा स्विच बदलला. मी माझी बॅटरी बदलून दिली, तीही पदरमोड करून, आणि ती जुनी म्हणजे आठ दिवसांची बॅटरी दुकानात तपासली तर ठणठणीत होती. दर वेळी अण्णा बोटीत चढायचे, नारळ उतरवायचे, दांडी सरळ करायचे, चावी द्यायचे आणि मशीन चालू व्हायचं.

"मशीन तुमाला वळकतंय, अण्णा," विरुपाक्ष म्हणायचा. "तुमी हितंच ऱ्हावा."

होनगावात तर बोलबाला झाला, की म्हाताऱ्याच्या हाताला गुण आहे. अण्णांना ते ऐकवत नसे. गुण असलेल्या माणसाला एकाच कामासाठी सारखं कशाला यावं लागतं, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं असायचं.

मग त्यांनी ठिपके द्यायला सुरुवात केली. ट्रकच्या बॉडीला मारायचा लाल रंग एका छोट्या बाटलीत घेतला, काडीला कापूस गुंडाळला, आणि नट आवळला की नटावर आणि खालच्या पत्र्यावर मिळून एक ठिपका. नट जरा जरी फिरला तरी ठिपका तडकणार. ही काही नवी युक्ती नाही, कारखान्यांत करतात. पण अण्णांना तिची गरज कधी पडली नव्हती. आधी बोटीच्या मशीनवर ठिपके आले. मग दुकानातल्या कामावर. एकदा मी त्यांच्या घरी गेलो तर गॅसच्या बटणाला लाल ठिपका, मेन स्विचला ठिपका. नागव्वाकाकूनं मला स्वयंपाकघराच्या दारात गाठलं.

"ह्यांचं काय बिनसलंय, जोतीराम? तीनदा उठून कडी बगत्यात."

मी म्हणालो, काही नाही, कामाचा ताण आहे. पण मला आधीच्या एक-दोन गोष्टी आठवल्या. उन्हाळ्यात त्यांनी एका ट्रकवाल्याला डायनामो दुरुस्त करून दिला आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच विचारलं, डायनामो आणलास का? आम्ही हसलो होतो. उकाड्यात होतं असं. चष्मा डोक्यावर ठेवून शोधतात, तर मीही शोधतो. कशाला म्हातारपण म्हणायचं आणि कशाला दुखणं म्हणायचं, यातली रेघ मला कुणी दाखवली तर मी त्याचे पाय धरीन.

डायनामोची गोष्ट कुणीतरी त्यांच्या मुलाला सांगितली. संगमेश पुण्याकडं एका कंपनीत आहे, स्टोअरमध्ये. बरा मुलगा आहे. पण बऱ्या मुलांचा जास्त राग येतो, कारण त्यांना काही बोलता येत नाही. तो शनिवारी गाडी घेऊन आला आणि थेट दुकानात बसला.

"अप्पा, आता बास करा," तो म्हणाला. "आई घाबरलीये. दुकान बंद करून दोघं माझ्याकडं चला."

"तितं सातव्या मजल्यावर मी काय करू?"

"आराम करा."

अण्णा समोरचा सेल्फ उघडायला लागले. मीच बोललो. म्हणालो, संगमेश, ज्या माणसाला हाताला काम लागतं त्याला आराम दिलास तर तो महिन्यात आडवा होईल. तो शांतपणे म्हणाला, "काका, उद्या एखाद्या ट्रकचं वायरिंग अप्पांच्या हातून उलटं झालं आणि गाडीनं पेट घेतला, तर?" मला त्याचा जास्तच राग आला.

तेवढ्यात विरुपाक्षाचा फोन. मशीन बंद.

अण्णांनी फोन ठेवला आणि मुलाकडं न बघता म्हणाले, "ह्या मशीनमदी माजं काय चुकलंय ते उद्या बगतो. माज्या हाताची चूक निगाली तर मीच शटर वडतो. तुला सांगाया लागणार न्हाय."

संगमेश म्हणाला, "मी नेतो तुम्हाला." मला कुणी बोलावलं नव्हतं. मी मागच्या सीटवर जाऊन बसलो.

रविवारी सकाळी निघालो. होटगीच्या रेल्वे फाटकात गाडी थांबली तेव्हा अण्णांनी खिशातून लाल रंगाची बाटली काढली, झाकण घट्ट आहे का बघितलं आणि परत ठेवली. थोड्या वेळानं परत काढली. आरशातून संगमेश बघत होता. मी खिडकीबाहेर बघितलं.

काठावर माणसं ताटकळत उभी होती आणि दुधाच्या किटल्या उन्हात तापत होत्या. महादेवी आज बोटीतच बसली होती. अण्णांनी चप्पल काढली, आत गेले, हात पुसले आणि नेहमीप्रमाणं नारळाच्या गाठीकडं हात नेला.

"ब्याड, अण्णा, ब्याड," ती कानडीत म्हणाली आणि नारळापुढं आडवा हात धरला. मग मराठीत आली. "आज नारळ सोडायचा न्हाय. म्या लई इचार केला. दर बारीला तुमी सोडता, मशीन चालू करता, जाता. आन् म्या परत बांदला की ते बंद पडतंय. देवीला तुमी सोडल्याला आवडत न्हाय."

"आक्का, तेलकट हात लागंल."

"लागू द्या. सोडायचा न्हाय."

अण्णांनी विरुपाक्षाकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली. बायकोपुढं त्याचं काही चालत नसणार, हे तर दिसतच होतं. अण्णांनी नारळाला दुरून नमस्कार केला आणि नारळ तसाच बांधलेला असताना चावी फिरवली.

काहीच झालं नाही. टकसुद्धा वाजलं नाही.

संगमेशचा चेहरा पडला. पण अण्णांचा चेहरा मला आठवतो. मशीन बंद पडलं म्हणून इतका खूश झालेला माणूस मी बघितलेला नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते त्यांच्यासमोर बंद पडलं होतं.

"गप बसा सगळी," ते म्हणाले. "विरुपाक्ष, चावी फिरवून धर."

त्यांनी टेस्ट लॅम्प काढला. बॅटरीवर दिवा पेटला. रिलेच्या जाड वायरीवर पेटला. रिलेला जी बारीक वायर चावीकडून येते तिच्यावर लावला, तर अंधार. पहिल्या बिघाडात टक वाजायचं, आत्ता तेही नाही. म्हणजे हे आधीचं दुखणंच नव्हे, हे ते मोठ्यानं म्हणाले, पण बोलले स्वतःशी. वायरीच्या मागं मागं जात ते हँडलच्या पेटीपाशी आले.

"न्यूट्रलला हाय न्हवं?"

"न्यूट्रललाच हाय की, अण्णा."

अण्णांनी दांडीवर तळवा ठेवला. दांडी सरळ उभीच दिसत होती. त्यांनी ती हलकेच मागं दाबली. ती जराशी सरली आणि नारळाला टेकून थांबली. खणाची घडी मध्ये आली होती, अर्ध्या बोटाची. अण्णांनी मान तिरकी केली. न्यूट्रलला बसताना दांडीतून खट असा आवाज येतो, तो आला नव्हता. मग त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावून दाबलं. खण दबला. खट वाजलं.

"आता फिरव."

मशीन चालू झालं.

त्यांनी ते बंद करायला लावलं. दांडी सोडली, चावी, काही नाही. दांडी दाबली, चावी, चालू. असं त्यांनी इतक्या वेळा केलं की काठावरची माणसं ओरडायला लागली. गिअरमध्ये असताना मशीन चालू झालं तर बोट उडी मारते आणि माणूस पाण्यात पडतो, म्हणून पेटीत एक स्विच दिलेला असतो. दांडी पुरती न्यूट्रलला बसल्याशिवाय तो स्विच चावीचा करंट पुढं सोडत नाही. स्विच चांगला होता, त्याचं काम चोख करत होता. आणि त्याच्या आड आला होता तो महादेवीचा नारळ, जो अण्णा दर वेळी भक्तिभावानं आधी बाजूला काढून ठेवत होते.

विरुपाक्ष नारळाकडं बघत होता, संगमेश बापाकडं, आणि मी माझ्या बदलून दिलेल्या बॅटरीकडं.

"म्हंजी माज्या नारळानं केलं समदं?" महादेवीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"नारळाचं काय चुकलं न्हाय, आक्का," अण्णा म्हणाले. "देवीला बसाया जागा आपण चुकीची दिली. माजं चुकलं. मी तिला उतरवत हुतो आन् मशीनला तपासत हुतो. जसं हाय तसं तपासाया पायजे हुतं."

नारळ तिनं स्वतःच्या हातानं सोडला आणि बोटीच्या नाकाला बांधला, जिथं तो कुणाच्या आड येणार नाही. पण अण्णा तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी संगमेशला जवळ बोलावलं, मशीनचं झाकण काढलं आणि एकेक नट दाखवला.

"बग. ठिपका तडकलाय का?"

"नाही, अप्पा."

"हा?"

"नाही."

"हा काळ्या वायरीचा. नीट बग."

"अजिबात नाही, अप्पा," संगमेश म्हणाला. त्यानं ठिपक्यावरून बोट फिरवलं. मी तोंड फिरवून पाण्याकडं बघितलं. मला त्या मुलाबद्दल एवढा वेळ जो राग होता तो गेला, आणि राग गेला की मला नेहमीच काय करावं ते कळत नाही.

परतताना अण्णा पुढच्या सीटवर बसून बोलत होते. पन्नास वर्षांत बोलले नसतील एवढं. जुन्या गाड्या, जुने ड्रायव्हर, कुठल्या ट्रॅक्टरनं कसं फसवलं. घरी नागव्वाकाकूनं कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वांग्याचं कालवण वाढलं. जेवण झाल्यावर संगमेश आईला म्हणाला, "राहू दे दुकान." निघताना त्यानं मला बाजूला घेतलं. "काका, मी उगीच घाबरलो. तरी जरा लक्ष ठेवा." मी म्हणालो, "नारळावर का अण्णांवर?" तो हसला आणि पुण्याला गेला.

संध्याकाळी आम्ही दुकानं उघडली. रविवार होता, गिऱ्हाईक नव्हतं, पण अण्णांना घरी बसवेना. दिवेलागणीला त्यांनी आवरलं. लाल रंगाची बाटली त्यांनी माझ्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकली. शटर ओढलं, खाली वाकले, उभे राहिले. गेले काही आठवडे ते कुलूप लावून चार पावलं जायचे आणि परत येऊन ओढून बघायचे. कधी दोनदा यायचे. त्या दिवशी आले नाहीत. हात मागं बांधून सरळ चालत गेले, ताठ, चहावाल्याला काहीतरी बोलून त्याला हसवून गेले. त्यांना तसं जाताना बघून मला इतकं बरं वाटलं की मी माझ्याकडचा दिवा मालवायचा विसरलो.

मग मी माझं शटर ओढायला बाहेर आलो आणि सहज शेजारी बघितलं. अण्णांच्या शटरच्या कडीत कुलूप अडकवलेलं होतं. दाबलेलं नव्हतं. उघडंच लोंबत होतं आणि किल्ली त्यालाच होती.

एकदा वाटलं, आनंदात होते, होतं असं. माझंही होतं. एकदा वाटलं, संगमेशला फोन लावावा. गाडी अजून वाटेतच असेल. पण त्याला काय सांगायचं? मशीनच्या बाबतीत अण्णांचा हात चुकला नव्हता, हे खरं. कुलूप उघडं होतं, हेही खरं. या दोन्हींतलं कुठलं धरायचं आणि कुठलं सोडायचं, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. मी कुलूप दाबलं, ओढून बघितलं, किल्ली काढली. त्यांच्या घरी गेलो. अण्णा आत आंघोळ करत होते. किल्ली मी दाराच्या खुंटीवर, तिच्या रोजच्या जागेवर अडकवली. नागव्वाकाकूनं बघितलं. मग ती परत स्वयंपाकाकडं वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा माझ्याआधी येऊन शटरपाशी उभे होते. मला बघून हसले.

"काल मी माघारी वळून बगितलं न्हाय, जोतीराम. हे बग, कसं लागलंय."

"व्हय, अण्णा," मी म्हणालो. "लई बरोबर लागलंय."

त्यांनी कुलूप उघडलं, चप्पल काढली आणि आत जाऊन उदबत्ती लावली. तेव्हापासून मी माझं दुकान रोज त्यांच्यानंतर बंद करतो. एवढा वेळ उघडं ठेवून काय विकतोस, असं चहावाला विचारतो. मी त्याला म्हणतो, बॅटऱ्या.